पाक लुराहांच्या संगणकाची खोळ

सारवोको सोलो शहरातल्या एका वॉर्ड-कचेरीत कारकून होते. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. जावा बेटावर तो तसाही फारसा कुणी उच्चारत नाही. सारवोको तर शिंकायचेसुद्धा परवानगी घेतल्यासारखे.

कचेरीत स्कॅनर आला, तेव्हा बसवणाऱ्याने विचारलं, “कागद कुणाच्या संगणकात जाऊ देत?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. जेवणाचं पहिलं ताट ज्याचं, पहिला कागदही त्याचाच. सारवोको म्हणाले, “पाक लुराहांच्या. विचारायचं काय त्यात?”

लुराह म्हणजे वॉर्डाचे प्रमुख; आदराने पुरुषांना ‘पाक’ म्हणतात, बायकांना ‘बू’. त्यांचा संगणक बायकोने विणलेल्या क्रोशाच्या खोळीखाली झोपलेला असायचा. तो सुरू करणं त्यांना येत नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. स्कॅनर बिचारा घरघरायचा, आणि कागद ठेवायला जागा न मिळाल्यामुळे लाल दिवा दाखवून गप्प व्हायचा. मग सारवोको सायकल काढून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणायचे. या कामाबद्दल कचेरीला ‘आधुनिक कचेरी’ असं प्रशस्तिपत्र मिळालं. ते स्कॅनरच्या डोक्यावरच टांगलं होतं.

एका शुक्रवारी बू यातिना धापा टाकत आल्या. त्यांच्या मुलीला, वुलानला, जपानच्या इस्पितळात नोकरी लागली होती. जन्मदाखला स्कॅन होऊन दुपारच्या नमाजाआधी जिल्हा कचेरीत पोचला नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती.

“पोरीने जपानी घोकून घोकून डोळे घालवले, पाक. फोनवरचा फोटो ते घेत नाहीत. आता तुम्हीच!”

“होईल हं, बू,” सारवोको म्हणाले आणि सायकल काढली. दुकानाला कुलूप होतं. मालकीण भाचीच्या लग्नाला गेली होती.

परत येऊन ते पाक लुराहांच्या दारात वाकून उभे राहिले.

“पाक, खोळीवर धूळ बसलीय. तुमच्या घरच्या बूंच्या हातचं विणकाम, बघवत नाही. झटकू का?”

“झटका की.”

खोळ झटकता झटकता सारवोकोंचा अंगठा बटणावर पडला. पडदा उजळला.

“अहो, हे काय केलंत?”

“हात लागला, पाक. पण मध्येच बंद केला तर बिघडतो म्हणतात.”

“मग राहू द्या, राहू द्या!”

सारवोको बाहेर आले आणि दाखला स्कॅनरमध्ये घातला. आतून हाक आली, “पाक सारवोको, धावा! माझ्याकडे कुणी वुलान आलीय!”

“तुमच्याकडेच येणार, पाक. प्रमुख तुम्ही.”

“तेही खरंच.” पाक लुराहांनी पडद्याकडे बघून मान डोलावली. “पण हिला अशी बोडकी पाठवायची? छापा. मी शाईचा ओला शिक्का मारतो.”

मशिदीच्या भोंग्यावर कुणीतरी घसा साफ केला. सारवोकोंनी दाखला छापला, शिक्का मारून घेतला, पुन्हा स्कॅन केला. मग हलकेच म्हणाले, “पाठवायचं बटण तुम्ही दाबलंत तर शोभेल.”

पाक लुराहांनी उद्घाटन करावं तसं एका बोटाने बटण दाबलं. दाखला गेला आणि अजान सुरू झाली. बू यातिनांनी पाक लुराहांचा हात कपाळाला लावला. “तुमच्यामुळे झालं हो!”

“काम आलं की मी हातावेगळंच करतो,” पाक लुराह म्हणाले. मग त्यांनी खोळ पुन्हा नीट पांघरली आणि जाता जाता भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं.

सोमवारी सकाळी सारवोको दारात हजर.

“पाक, खोळीवर जरा धूळ…”

तेव्हापासून ती खोळ रोज झटकली जाते. विरत चाललीय. पाक लुराहांच्या बायकोने आता दुसरी विणायला घेतली आहे, जरा जाड.