भगीरथाचा खांदा

डोळखांबच्या वरच्या अंगाला, रान जिथे दाट व्हायला लागतं तिथे आमचा पाडा आहे. तीस-पस्तीस घरं. प्रत्येक गावाची एक शान असते. कुणाची देवळात, कुणाची शाळेत. आमच्या पाड्याची शान भगीरथाच्या खांद्यावर आहे.

भात कापून झालं की उतारावरच्या शेतांतून भारे खळ्यावर आणायचे असतात. दुसऱ्या गड्याच्या दोन खेपा होतात तेवढ्यात भगीरथाच्या तीन झालेल्या असतात. कुणी आजारी पडलं आणि जीप चढत नसली, तर झोळीचा पुढचा बांबू त्याच्याच खांद्यावर. लग्नाची भांडी, शाळेचे बाक, पाय मोडलेली शेळी, सगळं त्यानं वाहिलं आहे. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. मोकळं चालावं लागलं तर तो ओशाळा होतो आणि वाटेतलं एखादं लाकूड तरी उचलून घरी आणतो.

अशा माणसाला थोरल्या प्रणयच्या पाठीवर मुलगी झाली. रुपा. जन्मली तेव्हा दोन ओंजळींत मावेल एवढीच. तिला जमिनीवर ठेवायला भगीरथाचा जीव धजेना. शेतावर जाताना खांद्यावर, बाजाराला खांद्यावर. पोर तीन वर्षांची झाली तरी पाऊल टाकेना. डॉक्टरांनी पाय वाकवून, ताणून पाहिले आणि सांगितलं, पाय धडधाकट आहेत. भगीरथाची आते रखमी उंबऱ्यात बसून हसली. "पायांना काय झालंय? बापाचा खांदा खाली येल तवा पोरगी खाली येल!"

पण आईचं मन. सावळीनं भीमाशंकराला नवस बोलला, "देवा, माझी लेक चालू दे, तिच्याच पायांनी तिला तुझ्या दारात आणीन." ती हे बोलत असताना भगीरथानं शेजारी उभं राहून मान डोलावली. आणि रुपा तेव्हाही त्याच्या खांद्यावरच होती.

त्याच पावसाळ्यात पोर चालू लागली. आता ती सात वर्षांची आहे आणि बकऱ्यांच्या पुढे पळते. यंदा महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी घरच्यांनी निघायचं ठरवलं. आमच्याकडे असल्या नवसाची एक रीत आहे. पोराला वाटेत उचलायचं नाही. उचललं तर तेवढी वाट उचलणाऱ्याची झाली, पोराची नाही. आणि पोराची वाट अपुरी राहिली की नवसही अपुरा राहिला.

रुपाची धास्ती कुणालाच नव्हती. धास्ती होती ती भगीरथाची.

सावळीनं त्यावर उपाय काढला. वाटेत झाडाखाली रांधून खायचं, म्हणून तांदूळ, डाळ, सुकी मासळी, टोप, पाण्याचा हंडा, पाच जणांची अंथरुणं असं सगळं तिनं बांधलं आणि एकट्या भगीरथावर चढवलं. तांदूळच पंधरा किलो.

"अगो, पाच माणसं चार दिसांत एवढा खातील का?" भगीरथ म्हणाला.

"खांदा भरलेला असला का हात जाग्यावं ऱ्हातो तुमचा," सावळी म्हणाली.

प्रणय अकरा वर्षांचा. त्यानं पहिल्याच टेकडीवर विचारलं, "बाबा, मला नवस नाय ना? मग मला घे की."

"तू बिननवसाचा घोडा," रखमी म्हणाली. "चाल मुकाट."

पहिल्या दिवशी टोकावड्याच्या अलीकडे काळू नदीच्या काठाला थांबले. नदीत पोटरीइतकंच पाणी. रुपानं ते स्वतः पार केलं, मध्येच उभी राहून मासे पाहिले आणि परत मागे जाऊन पुन्हा पार केलं. भगीरथ काठावर हंडा छातीशी धरून श्वास रोखून उभा. दुसऱ्या दिवशी कल्याण-नगर रस्ता ओलांडून धसईच्या अंगाला. पळस पेटला होता, आंब्यांना मोहर होता, आणि वाटेवर ओळखीपाळखीची घरं. कुणी ताक देई, कुणी काकडी. जो तो विचारी, "एवढीशी पोर चालतेय?" रुपा छाती काढून सांगे, "डोळखांबवरनं!" वाटेत इतर चालणारेही भेटत होते. त्यांच्याही ओझ्यांकडे भगीरथ असा बघे, जसा भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो. एका म्हातारबाबांची पिशवी त्यानं देहरीपर्यंत नेलीच.

पण सावळीच्या हिशेबात एक चूक राहिली होती. तांदूळ खाल्ला जातो. चालणारी पोरं दुप्पट खातात. त्यात सावळीचा हात सढळ. वाटेत भेटेल त्याला ती जेवायला बसवी. तिसऱ्या दिवशी सकाळी देहरीहून अहुप्याच्या घाटाकडे निघाले तेव्हा पोत्याच्या तळाशी दोन वेळचा तांदूळ उरला होता. टोप प्रणयनं डोक्यावर घातला होता. हंडा रिकामा, अंथरुणं हलकी, सगळं पाठीवर मावलेलं. म्हणजे ऐन घाटात भगीरथाचा खांदा मोकळा.

अहुप्याचा घाट सोपा नाही. डाव्या हाताला गोरखगडाचा सुळका, समोर सह्याद्रीची उभी भिंत, आणि त्या भिंतीतून वाट कशी जाते ते खालून दिसतच नाही. अर्धी चढण रुपानं बडबडत काढली. मग बडबड थांबली. मग ती दगड मोजू लागली. मग तेही थांबलं. एका अवघड टप्प्यावर गुडघाभर उंचीचा दगड होता. मागून माणसं येत होती. रुपानं दोन्ही हात दगडावर टेकले आणि जराशी थांबली.

बस, तेवढंच. भगीरथ पुढे वाकला, आणि भाताचा भारा उचलावा तशी पोर खांद्यावर गेली. त्याला स्वतःलाही कळलं नाही. तो लांब ढांगा टाकत वर निघाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच गाणं गुणगुणू लागला. रुपानंही त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकली. दमलेल्या पोराला बापाचा खांदा कडू लागत नाही.

दोन वळणं चढून झाली आणि खालून सावळीची हाक आली, "अवो! काय हाय त्ये खांद्यावं?"

भगीरथानं मान वळवली. डोळ्यांसमोर दोन छोटे धुळकट पाय लोंबत होते.

त्यानं तिला असं झटकन खाली ठेवलं, जसा विस्तव ठेवावा. घाट चढणारी सगळी माणसं थांबली. कुणी हसू लागलं, कुणी हळहळलं. सावळीच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं बाळगलेला नवस होता तो. भगीरथ आपल्याच हातांकडे बघू लागला.

"मी... मला वाटलं भाराच हाय."

"भारा!" रुपा म्हणाली. तिला तो शब्द लागला.

एक बाई म्हणाली, "नारळ वाढवा, देव माफ करील." एक गडी म्हणाला, "दोन वळणांचं काय एवढं, देव मोजत बसतो का?" सगळे रखमीकडे बघू लागले. ती या घाटानं सात वेळा आलेली.

रखमी दगडावर बसली, पदरानं वारा घेतला. "चाललंय कोण? पोरीला पुसा."

रुपानं वर पाहिलं, घाट अजून बराच होता. मग खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "जिथनं मला उचललं तो दगड कुठं हाय?" तिनं विचारलं.

"दोन वळणं खाली," प्रणय म्हणाला. "वेडी हायस का गो?"

ती उतरू लागली. भगीरथ मागे निघाला तशी वळून म्हणाली, "तू नको बाबा. तू हितंच बस. हात मांडीखाली ठेव."

आणि पाड्याचा तो भगीरथ, ज्यानं कधी कुणाला ओझं एकट्यानं वाहू दिलं नाही, घाटातल्या दगडावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. प्रणय टोप काढून बहिणीच्या मागे गेला. खालून फक्त आवाज येत होता, खडे घरंगळल्याचा, दम लागल्याचा. एकदा "आई गं" असं आलं आणि भगीरथ उठला. रखमीनं त्याच्या धोतराचा सोगा धरून त्याला खाली बसवलं. "बस रे. उचलणं सोपं असतं. ह्ये शिक आता."

पहिलं वळण. दुसरं वळण. आधी रिबीन दिसली, मग लालबुंद तोंड. थांबलेली माणसं टाळ्या वाजवू लागली. रुपा बापाजवळ आली, थांबली नाही, तशीच पुढे गेली. तिच्या मागे प्रणय, सावळी, मग रखमी, आणि सगळ्यांत शेवटी भगीरथ, हात पाठीमागे बांधून, पुसट हसत.

दुसऱ्या दिवशी अहुप्याहून रानातली वाट चालून ते भीमाशंकरला पोहोचले. भीमाशंकराचं देऊळ खोलात आहे; तिकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरताना बेलफुलं विकणाऱ्या बाईनं रुपाला थांबवलं.

"कुठून आलीस गं बाय?"

"डोळखांबवरनं. चालत. आन् घाटातली दोन वळणं दोनदा."

"दोनदा का गं?"

"त्ये बाबाला पूस," रुपा म्हणाली आणि रांगेत घुसली.

भगीरथानं विचारायची वाट पाहिली नाही. मागची रांग खोळंबली तरी त्यानं त्या बाईला सगळं पहिल्यापासून सांगितलं.