रस्ता सांगणारी बाई

दुकानात शिरली की ती आधी तोंडावरच्या रुमालाची गाठ सोडायची, मग फोन काउंटरवर ठेवून म्हणायची, "भाऊ, बाई पुन्हा मुकी झाली."

बाई म्हणजे फोनमधली, नकाशावरून 'पुढे डावीकडे वळा' असं सांगणारी. आणि ही ताई, तिच्यासारखी एखादी तुम्हीही पाहिली असेल. स्कूटीच्या मागे भलं मोठं काळं दप्तर, पायापाशी दोन खोकी, अंगात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. लोणारच्या आसपासच्या खेड्यांत ती ऑनलाइन मागवलेलं सामान पोचवायची. माझं झेरॉक्सचं दुकान. त्याच्याच एका कोपऱ्यात माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, मोबाइल दुरुस्त करतो.

एकदा मी विचारलं, "ताई, नकाशा तर दिसते ना? मंग आवाज कायले पाहिजे?"

"नकाशा पाहाले गाडी थांबवा लागते. थांबली का चार जण जमतात. कोणाकडं जाता, नंबर काय तुमचा. मले थांबाचंच नाही, भाऊ. बाई कानात बोलली का मी सुसाट."

एका गावात पत्ता विचारला तर एक जण 'चाला, दाखोतो' म्हणत दप्तर सरकवून सरळ मागे बसला आणि खांद्यावर हात ठेवला. हिनं पोरासोरांना विचारत गाडी त्याच्याच दारात नेली, त्याच्या बायकोला हाक मारली आणि म्हणाली, "ताई, हे पार्सल तुमचंच काय? ओटीपी सांगा." हे सांगताना ती पोट धरून हसली. आम्हीही हसलो. हसून झाल्यावर तिनं खांद्यावरची बाही दोनदा झटकली, तेही मी पाहिलं.

आता मेहुण्याची दुरुस्ती सांगतो. नकाशाच्या कडेला कर्ण्याचं बारकं चिन्ह असतं. बोट लावलं की आवाज बंद, पुन्हा लावलं की सुरू. पहिल्यांदा तिचंच बोट चुकून लागलं असणार. मेहुण्यानं मात्र पाऊण तास फोन उलटासुलटा केला, तिच्यासाठी चहा मागवला. दुसऱ्या खेपेला मी त्याच्या पाठीशीच उभा होतो. त्यानं आवाज सुरू करून तिला ऐकवला आणि "थांबा, काच पुसून देतो" म्हणत गुपचूप पुन्हा बंद केला. फाट्यापर्यंतचा रस्ता तिला पाठ. बाई मुकी आहे हे तिला कळायचं ते पार पुढे, आडरानात.

ती गेल्यावर मेहुणा म्हणाला, "पाहा भाऊजी, दोन दिवसात येते परत."

शिसारी आली मला. आणि तरी मी झेरॉक्स काढत राहिलो. घरात तमाशा नको, पोरगं थट्टेखोर आहे, त्यात काय एवढं, अशी कारणं माणसाला भराभर सुचतात. ती आणखी तीनदा आली.

मग एके दिवशी आली आणि रुमाल न सोडताच, फोन काउंटरवर ठेवून स्टुलावर बसली.

"आज चावी काढून घेतली गाडीची," ती म्हणाली. "वीटभट्टीपाशी रस्ता विचारला तर. ह्याच्या हातातून त्याच्या हातात. मी आपली मागं मागं, द्या हो चावी, द्या हो. हसून राह्यले होते सारे. एका म्हातारीनं शिव्या देल्ल्या तवा देली. आता घरचे म्हणतात, काम सोड."

मेहुणा ताडकन उठला. "कोण होते ते? नावं सांगा ताई, पाहून घेतो एकेकाले!"

मी काउंटरवरचा फोन उचलला आणि तिच्यासमोर धरला. "हे पाहा ताई, इथं बोट ठेवाचं." बाई लगेच बोलायला लागली.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं मेहुण्याकडे पाहिलं. तो खुर्चीखाली पडलेला स्क्रू शोधू लागला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कवापासून मालूम होतं, भाऊ?"

"दुसऱ्या खेपेपासून."

रुमाल सोडून तिनं फोन पुसला. आधी काच, मग मागची बाजू, मग कडा. तो रुमाल तिनं पुन्हा तोंडाला बांधला नाही, आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि उघड्या तोंडानं उन्हात निघून गेली.

तिनं काम सोडलं की नाही, मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही. मेहुणा अजून त्याच खुर्चीवर बसतो, आणि दुपारी आम्ही दोघं एकाच डब्यातून जेवतो.