विहिरीत उतरणारे मामा

मामांना कुठलीही नवी जागा दाखवायला न्या, ते आधी विचारायचे, जवळ विहीर कुठं आहे. सत्तरी ओलांडलेला हा माणूस चपला काठावर काढून ठेवायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि हातोडी कमरेला खोचून सरळ आत उतरायचा. आम्ही वर जीव मुठीत धरून उभे. "कुणीतरी घाम गाळून जमीन कापून ठेवलीय," ते आतून म्हणायचे, "ती बघायची सोडून बोअरचा चुरा काय चाळत बसायचं?"

ते मूळचे दौंडकडच्या राहू गावचे. सरकारी नोकरीत भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या आमच्या ऑफिसला सल्ला द्यायला यायचे. खाणीला जागा द्यायची असेल तर तिथं काय धोका आहे, हे आम्ही बघायचं. शिरूर-दौंडकडच्या गावांत मात्र लोक त्यांना पाणाड्याच समजत. विहिरीतून वर आले की कुणीतरी नारळ घेऊन उभाच. तो तळहातावर धरून पाणी दाखवा म्हणायचा. मामा नारळ फोडायला लावायचे, खोबरं सगळ्यांना वाटायचे आणि सांगायचे, पाण्याचं काही कळत नाही, दरड कुठून येईल ते विचारा. मग गर्दी पांगायची, कारण दरडीत कुणालाच रस नसायचा.

अहवालात 'बहुधा' हा शब्द त्यांना खपत नसे. माझ्या पहिल्या अहवालात तो चार ठिकाणी होता. "बहुधा धोका न्हाई, म्हंजी खालची माणसं बहुधा जगतील," असं म्हणून त्यांनी चारही ठिकाणी लाल पेन्सिल ओढली. मला राग आला होता. डिग्री नवी होती आणि नाकही तेवढंच वर होतं.

ते नाक कापलं गेलं शिरूर तालुक्यातल्या एका माळावर. उताराच्या पायथ्याला मुरूम आणि खडीची खाण काढायची होती. वरच्या अंगाला बौद्ध वस्तीची चौदा घरं. जमीन आबांची, खाणीचा अर्जही त्यांचाच. आबा म्हणजे मामांचे शाळेतले सोबती, आणि त्यांनीच या कामासाठी मामांचं नाव ऑफिसला सुचवलं होतं. घरचा माणूस म्हटल्यावर काम सोपं होईल, असा त्यांचा हिशोब. मी तीन बोअर घेतले. एकातून तांबडा चिखल आला. बोअरवाला म्हणाला, मागच्या साइटची माती पाइपाला चिकटली असेल. मला ते पटलं आणि मी 'धोका नाही' असं लिहून मोकळी झाले.

मामांनी अहवाल बाजूला ठेवला आणि वस्तीची विहीर गाठली. तिथं वस्तीतल्या सुमनबाई धुणं धूत होत्या. त्यांनी न विचारताच सांगितलं की पावसाळ्यात विहिरीतल्या तांबड्या पट्ट्यातून पाणी गळतं. मामा उतरले आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. मी चार परस, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतकी, खाली गेले. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये वीतभर तांबडी माती होती, ओली, साबणासारखी बुळबुळीत. मग आम्ही उताराच्या खालची विहीर पाहिली. तिथं तोच पट्टा बराच खाली होता. म्हणजे सगळा थर नेमका खाणीकडे कललेला होता, आणि पायथा खोदला की वरचा माळ त्यावरून घसरणार, घरांसकट.

मी रडायच्या बेतात होते. मामा ओरडले नाहीत. "तुझ्या बोअरमधी हे आलं व्हतं पोरी. तू बघितलं व्हतंस," एवढंच म्हणाले. आजही बोअरमधून काही वेगळं निघालं की मी आधी जवळची विहीर शोधते.

नकार पोस्टानं पाठवता आला असता. मामा स्वतः आबांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाले. "व्हय," मामा म्हणाले, "पण बोलावलंस मला." चहा तसाच राहिला. त्यानंतर आबांनी बोलणं टाकलं. मामांच्या नातीच्या लग्नालाही ते आले नाहीत. शाळेतला तेवढा एकच उरलाय, असं मामा एकदा गाडीत म्हणाले आणि राहूपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

आबांनी अर्जाआधीच पायथ्याला एक चाचणीचा खड्डा घेऊन ठेवला होता. दोन पावसाळ्यांनी त्याची वरची कड त्याच पट्ट्यावरून घसरली आणि खड्डा दगडांनी भरून गेला. घरं शाबूत राहिली. मी उत्साहानं फोन केला, तर मामांनी फक्त कुणाला लागलं का, ते विचारलं.

गेल्या वर्षी मामा गेले. दहाव्याला नदीवर वस्तीतल्या बाया टेम्पो करून आल्या होत्या. जरा उशिरानं आबाही आले, मुलाचा हात धरून. मला ओळखून जवळ थांबले.

"ह्यो आमचा थोरला," ते म्हणाले. "त्या खड्ड्यात मशीनवर ह्योच बसणार व्हता. मला वरची घरं दिसली न्हाईत, आन् ह्यो बी दिसला न्हाई."

मुलगा खाली बघत उभा होता. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"कड घसरून चार वर्षं झाली," ते म्हणाले. "येवढंच त्याला जाऊन सांगायचं व्हतं."