कॉलरवालीचा हात

घरी तिला वेगळं नाव होतं, पण कारखान्यात ती कॉलरवाली. शर्टाच्या कारखान्यात अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही. एक बाही लावते, एक खिसा, एक काज करते. हिच्या वाट्याला आली कॉलर. आत बकरमचं ताठ कापड घालायचं, शिलाई मारायची, उलटवायची आणि टोकं काढायची. अर्धी हयात तिनं एवढंच केलं आणि असं केलं की बघत राहावं. नवऱ्याचा शर्ट मात्र टेलरकडूनच शिवून यायचा, कारण कॉलरीच्या खालचं बाईंना काही म्हणजे काही येत नव्हतं!

मग मालकानं कारखान्याला कुलूप लावलं. लांब कुठेतरी मजुरी स्वस्त पडते म्हणे. पडत असेल बाबा. मशिनी ट्रकात चढल्या आणि बायका रस्त्यावर आल्या.

कॉलरवालीनं किती उंबरे झिजवले, विचारू नका. एका टेलरनं शर्ट शिवून दाखवा म्हटलं, तर हिनं कॉलर देखणी केली आणि बाह्या उलट्या लावल्या. टेलर हसला नाही, हेच तिला जास्त लागलं. इस्पितळाच्या धुलाईत चादरींच्या घड्या घालायचं काम मिळालं. पण ती रजेवर गेलेल्या बाईची जागा होती, बाई परत आली. घरी नवरा ओझी वाहून पाठ मोडलेला, भिंतीकडे तोंड करून पडायचा. बायकोनं विचारलं तरी वळायचा नाही.

धाकटी जाऊ शेजारच्याच खोलीत राहायची. दीर काम शोधायला परगावी गेला होता, त्याचा फोन येणंही बंद झालं होतं. जाऊ दुसऱ्या एका कारखान्यात कॉलरीवरच होती आणि पोरीला एकटीच सांभाळत होती. तिनं सुपरवायझरच्या विनवण्या केल्या आणि मोठ्या जावेची ट्रायल ठरवली. वाटेत तिनं हळूच बजावलं, "ताई, हात आवरून चालवा. सगळ्यांच्या बरोबरीनं."

हे काय सांगायला हवं होतं? लाइनवर बसणाऱ्या बायकांचा हा कायदाच. एकीनं वेग वाढवला की मालक तेच माप सगळ्यांना लावतो, नाहीतर माणसं कमी करतो. नव्या पोरींना हे कॉलरवालीच दटावून शिकवायची.

पण मशिनीवर बसली आणि पहिलंच टोक वाकडं निघालं. इतक्या महिन्यांत हात गेला की काय? मागे सुपरवायझर उभा. आता इथूनही परत पाठवलं, तर नवऱ्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू? दुसरं टोक बरं आलं, तिसरं नीट आलं, आणि मग बाईचा हात जो सुटला तो सुटलाच. तिनं मान वर केली नाही. किती दिवसांनी तिला बरं वाटत होतं! खरं सांगायचं तर त्या वेळी तिला जाऊ आठवलीसुद्धा नाही.

कॉलरींचं बंडल संपलं तेव्हा आजूबाजूच्या मशिनी थांबलेल्या होत्या. बायका तिच्याकडे बघत होत्या. जाऊ बघत नव्हती. ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा काही जाईना.

सुटीच्या वेळी सुपरवायझरनं दोघींना बोलावलं. एवढ्या वेगानं कॉलरी होणार असतील तर त्याला दोन बायका कशाला, असं त्याचं म्हणणं. कॉलरवालीच्या तोंडचं पाणी पळालं. ही आपली जाऊ, हिनंच आपल्याला आणलं, असं तिनं हात जोडून सांगितलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"मग तुमचं तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "उद्या दोघींतल्या एकीनंच या."

दोघी चालत निघाल्या. कॉलरवालीनं मनाशी ठरवलं होतं: तूच जा, मी बघेन माझं, असं म्हणायचं. दुकानं मागे पडली, पूल आला, शब्द ओठांपर्यंत आले. जाऊ काही मागत नव्हती, रडत नव्हती, तोंडानं दोष देत नव्हती. दोन चापट्या मारल्या असत्या तरी बरं झालं असतं. पुलाच्या पलीकडे कॉलरवाली थांबली.

"तुझं वय आहे अजून," ती म्हणाली. "तुला मिळेल कुठेतरी."

आपल्या तोंडून काय निघालं ते ऐकून तिला स्वतःची किळस आली. पण तिनं ते मागे घेतलं नाही.

"हो ताई," जाऊ म्हणाली आणि पोरीला शाळेतून आणायला वळली.

सकाळी कॉलरवाली लवकर उठली. शेजारच्या खोलीत जाग होती. जाऊ पोरीची वेणी घालत होती, पोर कुरकुरत होती. कॉलरवालीनं चपला हातात घेतल्या, अनवाणीच त्या दारावरून पुढे गेली आणि कोपऱ्यावर पोचल्यावर पायात घातल्या.