आत्याच्या फोनवरची टिकली

परवा दुपारी तिरुभुवनमला आत्याकडे गेलो होतो. कुंभकोणमहून बसने जेमतेम अर्धा तास. आत्या घरून रेशमी साड्या विकते आणि तिची वेबसाइट मी बनवली आहे. डिप्लोमा अर्धवट सोडलेला मी, व्हिडिओ बघून शिकलेला.

ही वेबसाइट म्हणजे सिंगल पेज ॲप. सुरुवातीला पांढऱ्या पडद्याकडे बघत थांबावं लागतं, पण एकदा सगळं फोनमध्ये उतरलं की पान पुन्हा उघडावं लागत नाही. आत्याच्या मागच्या खोलीत नेटवर्क नाही... अंगणात उघडायचं आणि आत बसून निवांत दाखवायचं, असा माझा हिशेब.

पट्टीश्वरमहून एक आई आणि लग्न ठरलेली मुलगी आल्या होत्या. मुलगी तमिळमध्ये म्हणाली, "मघाची ती हिरवी परत दाखवा ना."

आत्या लाडाने म्हणाली, "थांब कण्णा, फिरून येते." आणि फोनवर पुढे, पुढे करत, शेवटच्या साडीनंतर पुन्हा पहिलीपासून, चाळीसही साड्या ओलांडून ती त्या हिरवीपर्यंत पोचली. मुलीने तीच पसंत केली.

त्या गेल्यावर मी विचारलं, मागे जायचं बटण का नाही दाबलं? तिने फोन पुढे धरला. बरोबर त्या बटणावर एक लाल टिकली चिकटवलेली होती...

"ते दाबलं की तू बनवलेलं सगळं जातं रे. दोनदा मोडलं माझ्या हातून. एकदा तर गिऱ्हाईक उठून गेलं."

"मला सांगायचं ना, आत्या."

"सांगितलं असतं तर ते दुरुस्त होईपर्यंत तू जेवला असतास?"

मी फोन हातात घेऊन तपासला. सगळ्या साड्यांना मी एकच वेब-पत्ता दिला होता, म्हणून ब्राउझरला मागची साडी माहीतच नव्हती. मागे म्हटलं की तो वेबसाइटच्या बाहेर पडायचा, आणि आतल्या खोलीत ती पुन्हा उघडायची नाही. शंभर वेळा तपासलं होतं मी, पण ते बटण एकदाही दाबलं नव्हतं.

"तू काही मोडलं नाहीस," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"नक्की?" तिने दोनदा विचारलं. वेबसाइट सुरू झाल्यापासून तीन आठवडे ती स्वतःच्या बोटांना दोष देत होती...

आता प्रत्येक साडीला स्वतःचा पत्ता आहे. एकाच साडीची लिंकसुद्धा पाठवता येते. आज आत्याने भीत भीत मागे दाबलं, हिरवी साडी आली... मग काही कारण नसताना ती बराच वेळ पुढे-मागे करत बसली.

ती टिकली मी माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यावर लावली आहे. यापुढे काहीही बनवलं की आधी बघायचं, आत्याला टिकली कुठे लावावी लागेल.