आधी विचारून माप

मावशींकडे मुलाचा गणवेश शिवायला टाकायचा तर हाताशी वेळ हवा. टेप गळ्यात असते, पण त्या पोराला हात लावत नाहीत. समोर खाली बसतात आणि विचारतात, "खांद्याचं माप घेऊ का?" पोर हो म्हणालं की खांदा. कमरेसाठी पुन्हा विचारणं आलंच. एखादं नको म्हणालं, की त्याचा जुना कपडा टेबलावर पसरून त्यावरून माप. आया कातावतात.

"अहो, हिला काय विचारायचं? घ्या की पटकन."

"अंग तिचं आहे ना? मग तिलाच विचारणार. तुम्हीही विचारत जा. नको म्हणाली तर का नको, ते नीट ऐकून घ्या."

आया एकमेकींकडे बघून हसतात. मी हसत नाही. तीस वर्षं मी या दुकानात काजं-बटणं करते, आणि माझ्या वाटचं हसून झालंय.

पूर्वी मापं आमचे कटिंगमास्तर घ्यायचे, पडद्यामागे. बोलणं गोड, खिशात पोरांसाठी गोळ्या. आया डोळे झाकून पोरं त्यांच्या ताब्यात द्यायच्या. आम्हीही दिली.

मावशींची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शाळा सुरू व्हायला चार दिवस उरलेले, दुकानात कपड्यांचा ढीग. ती मशीनला चिकटून उभी राहिली. "आई, मास्तर नकोत. तू घे माप."

मावशींनी पाय थांबवला नाही. "नखरे पुरे. मास्तर काय खाणार आहेत का तुला? जा."

"राणीसरकारांना खास शिंपी लागतो," मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो.

ती पडद्यामागे गेली. पुढची चार वर्षं जात राहिली. पुन्हा कधी नको म्हणाली नाही. आम्हाला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

एकोणिसाव्या वर्षी तिने सगळं सांगितलं. तोवर तो मेला मास्तर खुशाल म्हातारा होऊन, स्वतःच्या अंथरुणात मरून गेला होता. मावशींनी पडदा दांडीसकट उपटून काढला. मुलगी मात्र दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही. स्वतःला तयार कपडे घेते, सैल. फोनवर आईला जेवलीस का विचारते, तेवढंच. तिने एकदा आत यावं, एवढ्या एका आशेवर मावशी जगत होत्या.

परवा ती आली. लेकीचा गणवेश शिवूनच घ्यावा लागणार होता, आणि दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे न्यायचा तिला धीर होईना. सहा वर्षांच्या लेकीला आत पाठवून ती दारातच थांबली.

मावशी नातीसमोर बसल्या. "माप घेऊ का?"

"नको."

"बरं, नको तर नको." त्यांनी टेप खाली ठेवली. "का नको, सांगशील?"

"गुदगुल्या होतात."

दारातून मुलगी म्हणाली, "तेव्हा एवढंच विचारायला हवं होतंस, आई."

तिने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मावशींनी नातीचा जुना फ्रॉक टेबलावर पसरला. डोळे इतके भरले होते, की टेपवरचे आकडे त्यांना दिसेनात.

मी उठून दारापाशी गेले. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते म्हटलं. "मीही हसले होते गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. आत आली नाही.