खंडोजीच्या गावची चिंच

पडदा वर जातो. देवासचं तळं. मागे टेकडी, टेकडीवर देवीचं ठाणं. पुढे घाट, घाटाला बांधलेली दरबारची एक होडी, आणि होडीत पाय पसरून बसलेला पन्नाशीचा एक माणूस. डोक्याला मुंडासं, मांडीवर वल्हं. तो कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं, पण तसं नाही. होडीत बसायला सहसा कुणी येत नाही आणि ते त्याला ठाऊक आहे. हा खंडोजी नावाडी.

साल एकोणीसशे सात किंवा आठ. आमची नाटक मंडळी पावसाळ्याचा मुक्काम करून देवासात पडली होती. मी तेव्हा नायिकेची कामं करत असे. दिवसभर उद्योग नसे, म्हणून मी घाटावर जाऊन बसे.

देवास म्हणजे त्या काळी एका गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. दरबार दोन, शिपाई दोन प्रकारचे. होडी थोरल्या पातीची होती. धाकट्या पातीचा माणूस तिच्यात बसला तर तो परमुलखात गेला असं धरायचं का, हा प्रश्न एकदा निघाला होता आणि निकालाशिवाय राहून गेला होता. म्हणून खंडोजी सगळ्यांनाच घेई. काठ सोडला की तो विचारी, "सोनवेळ ऐकलंय?"

हो म्हणा, नाही म्हणा, पुढचं ऐकावंच लागे. होडी मध्यावर गेलेली असे.

सोनवेळ हे कोकणातलं एक लहानसं बंदर, कोळ्यांचं गाव. खंडोजीचा पणजोबा तिथला. पेशवाईच्या अखेरीस मराठ्यांची फौज माळव्यात उतरली तेव्हा नर्मदा ओलांडायला नावाडी लागले, त्यांत तो आला. खातेगावच्या खाली नदीवर त्यानं फौज पार केली, आणि फौज परत जाईपर्यंत थांब असं त्याला सांगण्यात आलं. फौज परत गेली नाही. पणजोबाही गेला नाही. पुढे देवासच्या तळ्याला होडी झाली आणि त्याला काम मिळालं. मरताना त्यानं मुलाला वल्हं दिलं आणि सोनवेळची हकिगत दिली. ती आजोबांकडून खंडोजीकडे आली. समुद्र आजोबांनीही बघितला नव्हता, खंडोजीनं तर नाहीच.

हकिगतीला क्रम होता. "आधी किल्ला. डाव्या हाताला, पाण्यात. तीन बुरूज उभे, चौथा पडलाय. चाच्यांच्या भयानं बांधला, मग चाचेच राहायला आले. मग उजव्या हाताला देवीचं देऊळ. दर साली कोळणी त्याला चुना देतात, पांढरंफेक. मग देवळावरचा झेंडा. झेंड्यानंतर चिंच. चिंचेखाली संध्याकाळी मासळीचा लिलाव. गावात शिरताना बोंबलाचा वास."

बोंबील त्यानं बघितलेला नव्हता. एकदा इंदूरहून कुणी सुकलेला आणून दाखवला. खंडोजीनं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "आमच्याकडचे मोठे असतात."

क्रम मोडलेला त्याला खपत नसे. दरबारातले एक कारकून, उदाजीराव, थट्टेनं म्हणाले, "खंडोजी, आज चिंचेपासून सुरू कर."

"नाही जमायचं, साहेब. झेंड्याच्या आधी चिंच बघायची नसते."

"बघितली तर?"

"माणूस मरतो."

"आणि मी बघितली तर?"

"तर घरी निरोप कुणाकडून धाडायचा ते आत्ताच सांगून ठेवा."

गावानं याची म्हण केली होती. एखादं काम उलट्या बाजूनं सुरू केलं की देवासात म्हणत, 'भिया, चिंच आधी बघितलीस.' भिया म्हणजे माळव्यातला भाऊ.

नारळी पौर्णिमेला तो तळ्याला नारळ देई. आधी मूठभर मीठ पाण्यात टाकी, म्हणजे नारळाला परकं वाटू नये. मग हात जोडून नारळ सोडी. दुसऱ्या दिवशी नारळ घाटाला लागलेला असे. तळ्याला भरती-ओहोटी नसल्यामुळे त्याला दुसरीकडे जाता येत नसे.

खंडोजीला एकच मुलगी, सुमंगला. आई नव्हती. एकोणीस वर्षांची, होडी बापापेक्षा सरळ हाकणारी, आणि जिभेला धार. मी एकदा तिला विचारलं, तुला सोनवेळ बघावंसं वाटतं का? ती म्हणाली, "दादा, मी न बघताच त्या गावाला कंटाळलेय."

पण तिचं लग्न अडलं होतं. देवासात त्यांच्या जातीची चार घरं, आणि चारही एकमेकांची मामा-काका. स्थळ बाहेरूनच यायला हवं होतं, आणि खंडोजीच्या मते बाहेर म्हणजे सोनवेळ. उज्जैनच्या यात्रेला आलेल्या एका कोकणातल्या भिक्षुकाबरोबर त्यानं दोन वर्षांपूर्वी तिथल्या जातभाईंना निरोप धाडला होता. उत्तर आलं नव्हतं.

त्या सुमाराला आमच्या मालकांनी, मोरोपंतांनी, नवीन नाटक काढलं. त्यात नायिकेला समुद्रकाठी टाकून नायक निघून जातो. आमच्याकडे जंगलाचा पडदा होता, दरबाराचा होता, समुद्राचा नव्हता. मोरोपंत म्हणाले, जंगलात टाकून जाऊ दे. पण पदात लाटा होत्या, आणि पद चांगलं जमलं होतं. तेव्हा धारहून चिंतामणी पेंटर बोलावला. चिंतामणी गुणी माणूस, पण समुद्राच्या दिशेनं धारजवळच्या नालछ्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता. मीच त्याला खंडोजीकडे नेलं.

खंडोजी सांगे आणि चिंतामणी रंगवी. वाळू पुढे, समुद्र मागे, डावीकडे किल्ला, उजवीकडे देऊळ, कोपऱ्यात चिंच. समुद्राचा रंग कसा, असं चिंतामणीनं विचारलं तेव्हा खंडोजी गोंधळला. हकिगतीत रंग नव्हता. शेवटी दोघांनी मिळून तळ्याचा दिला आणि थोडी नीळ वाढवली. पडदा टांगला तेव्हा खंडोजी त्याच्यापुढे मुंडासं सारखं करून उभा राहिला. सुमंगला मागून म्हणाली, "आता तरी घरात सांगायचं बंद होईल." झालं नाही.

आणि आषाढात, काही न कळवता, सोनवेळचा माणूस आला. इंदूरपर्यंत रेल्वे, पुढे टांगा. तुकाराम त्याचं नाव, मुलाचा चुलता. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात म्हणून सवड होती, नारळी पौर्णिमेच्या आत परत जायचं होतं. माणूस रुंद आणि कमी बोलणारा. खंडोजीनं त्याला बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, डाळ आणि तळ्यातला मासा वाढला. मासा खाऊन तुकाराम म्हणाला, "मासा आहे." यात पसंती होती की नापसंती, यावर त्या घरात दुपारभर खल झाला.

जेवणानंतर त्यानं काय ते स्पष्ट सांगितलं. "मुलगी चांगली आहे, ते दिसतंच. मी आलोय ते तुम्ही आमचे आहात का ते बघायला. शंभर वर्षांत तुमच्यातलं कुणी आलं नाही. कुणीही उठून म्हणेल आम्ही सोनवेळचे. गावात जाऊन मी भावाला काय सांगू?"

खंडोजी म्हणाला, "चला. गाव दाखवतो."

आमची दुपारची तालीम चालू होती. मी वाळूवर पडून रडत होतो. खंडोजी, तुकाराम आणि सुमंगला येऊन पुढे बसले. मोरोपंतांनी हात करून तालीम थांबवली आणि मला बाजूला सरकायला सांगितलं, कारण किल्ला माझ्यामागे होता.

तुकारामनं पडदा बघितला. बराच वेळ बघितला. मग उठून जवळ गेला, मग परत मागे आला.

"हे सोनवेळ?"

"सोनवेळ."

"किल्ला उजव्या हाताला आहे आमचा. देऊळ डावीकडे. मी जन्मलोय तिथं."

कडेला पडद्यावर हात फिरवत बसलेल्या चिंतामणीनं ब्रश खाली ठेवला. तुकाराम शांतपणे म्हणाला, "राग येऊ देऊ नका, खंडोजी. कुणीतरी ऐकीव सांगितलं असेल तुमच्या पणजोबाला. गाव त्यांचं नसणार." आणि त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं. टांगा ठरलेला होता.

मी नाटकात पुष्कळ माणसं कोसळताना बघितली आहेत. छातीला हात लावतात, दोन पावलं मागे जातात. खंडोजीनं यातलं काही केलं नाही. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत बसला, मग उजव्या हाताकडे.

सुमंगला म्हणाली, "काका, जायचं तर जा. पण आम्ही दोघांनी जन्मभर हे ऐकलंय, तुम्ही एकदा ऐका. बाबा, सांगा."

"ते नाही म्हणतायत."

"ते पडद्याला नाही म्हणतायत. तुम्ही सांगा."

खंडोजीनं सांगितलं. रोजच्यासारखंच, पण हळू. आधी किल्ला, डाव्या हाताला, पाण्यात. तुकाराम दाराशी उभा राहून ऐकत होता. मग देऊळ. मग झेंडा. "झेंडा दिसेपर्यंत चिंच बघायची नाही. चिंच आधी दिसली की माणूस मरतो."

तुकाराम परत येऊन बसला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आजोबांनी. ही आमच्यातली एक समजूत आहे."

"समजूत कसली," तुकाराम म्हणाला. "बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे. बाहेरून होडी आत घेताना आधी देवीचा झेंडा दिसला तर वाट बरोबर. चिंच आधी दिसली तर होडी खडकावर आलेली असते. माझा बाप तसाच गेला. हे गावातला वाणी सांगणार नाही, भट सांगणार नाही. होडी हाकणाऱ्यालाच ठाऊक. तुम्ही गाव सांगतच नाही आहात, खंडोजी. तुम्ही होडी आत आणताय. समुद्रातून येताना किल्ला डाव्याच हाताला असतो."

देवासच्या तळ्यावर तीन पिढ्या जी प्रेक्षणीय स्थळं म्हणून सांगितली गेली, ती घरी यायची वाट होती. पणजोबानं मुलाला गावाचं वर्णन केलंच नव्हतं. तू कधी गेलास तर बुडू नकोस, एवढं सांगून ठेवलं होतं.

चिंतामणीनं पडद्याकडे पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे पडदा बरोबर आहे. प्रेक्षक चुकीच्या बाजूला बसतात."

मोरोपंतांनी प्रेक्षक हलवायला नकार दिला. पडदा होता तसाच राहिला आणि मी त्याच्यापुढे पुढची आठ वर्षं रडलो. तुकारामनं टांगा परत पाठवला आणि चार दिवस राहिला. तळ्यातला मासा पुन्हा झाला. या वेळी तो म्हणाला, "मीठ जरा कमी आहे." यावरून लग्न ठरलं असं सगळ्यांनी धरलं, आणि ते खरं निघालं.

लग्न मार्गशीर्षात सोनवेळला झालं. मुंबईहून आगबोटीनं जावं लागे. आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबे आणि उतारूंना होडीतून काठाला नेत. सुमंगलानं पुढे मला कळवलं ते असं. होडीत तिचा बाप उभाच राहिला. नावाडी म्हणाला बसा, तो बसेना. डाव्या हाताला किल्ला आला. बुरूज तीनच होते. मग देऊळ आलं. झेंडा दिसला, तेव्हा बापानं वळ म्हणून सांगितलं. होडी आधीच वळलेली होती. नावाडी म्हणाला, "ठाऊक आहे हो, आजोबा." मग चिंच दिसली, आणि खंडोजी खाली बसला.

मुलीला तिथं ठेवून तो एकटा परत आला आणि पुन्हा दरबारच्या होडीवर रुजू झाला. आमची मंडळी पुढे धारला, तिथून इंदूरला गेली. मला देवासला यायला वर्ष लोटलं. घाटावर गेलो तर होडी तिथंच, वल्हं मांडीवर. काठ सोडला तरी त्यानं सोनवेळ काढलं नाही. लोक म्हणत होते, हल्ली काढतच नाही. होडी मध्यावर गेली तेव्हा मीच विचारलं, गाव सांगितल्यासारखंच निघालं का?

"तसंच."

"आणि परत निघताना? मुलगी काठावर उभी असेल. काय काय दिसलं?"

त्यानं दोन-तीन वल्ही मारली. त्या हिवाळ्यातच तो गेला, त्यामुळे मी त्याच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं बोलणं ते हेच.

"जातानाचं आजोबांनी काही सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी पाण्याकडंच तोंड करून बसलो. पाणी बरंच आहे, भिया."